स्वानंदचं पोट

समजा, तुम्ही तीन महिन्यांचे आहात. तुम्हाला बोलता येत नाही, बोट दाखवता येत नाही. कुठे दुखलं, कुठे टोचलं, तर फक्त रडता येतं. थोडा वेळ तसे होऊन पाहा, कारण या गोष्टीतला स्वानंद तेवढाच आहे आणि तो रडतो आहे.

झाशी छावणीतल्या क्वार्टरमध्ये जानेवारीची दुपार होती. स्वानंदचे बाबा, विक्रम, फौजेत. ते सरावासाठी बबीनाला गेले होते. घरात आई भावना होती, दुसरीतली ताई ऋता होती आणि साताऱ्याहून बारशाला आलेली, मग इथेच राहिलेली विक्रमची आई, चंद्रभागा आजी होती.

हल्ली स्वानंद दूध प्यायला की रडायचा. पिताना खूश असायचा. पोट भरलं की चेहरा लाल व्हायचा, पाय पोटाशी जायचे. पुढे बऱ्याच वेळाने तो आपोआप शांत व्हायचा.

"दूध पोटात गेलं की रडतो, म्हणजे दूधच बाधतंय," आजी म्हणाली. "काय खाल्लंस तू, भावना?"

भावनाने एकेक करून तूरडाळ, फ्लॉवर, पेरू, मिरची सगळं सोडलं होतं. ताटात मुगाचं वरण आणि भात तेवढा उरला होता.

सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आजीची गुटीची सहाण ट्रंकेतच राहिली होती आणि सगळे उपाय बाहेरून चालले होते. आजीने ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी बांधली. आधी आपल्या मनगटाला लावून पाहिली, मग बाळाचं पोट शेकलं. त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं. सायकल चालवल्यासारखे त्याचे पाय हलवले.

तेवढ्यात सीपरी बाजारातून विजयालक्ष्मी काकू आल्या. त्यांचं मराठी घराणं कितीतरी पिढ्यांपासून झाशीतलं.

"काय झालं आमच्या लल्लाला? नाभीला हिंग लावला का?"

"सकाळीच लावला," आजी म्हणाली.

"पाण्यात कालवून? अहो ताई, पाण्यात नाही चालत. कोमट तेलात खलायचा. आमच्या झाशीत तसाच लावतात."

"साताऱ्याचीही पोरं मोठी होतात हो, बाई."

"होतात ना जी. रडत रडत होतात."

ऋता खुदकन हसली. ती नुकतीच पोटभर वरणभात जेवली होती आणि शाळेच्या स्कर्टचा हूक काढून बसली होती. स्कर्ट गेल्या वर्षीचा होता.

"हूक लाव आधी," आजी ओरडली. "काकू आल्यात, दिसत नाही?"

"जेवलं की घट्ट होतो, आजी. थोड्या वेळाने लावते."

काकूंनी कोमट तेलात हिंग खलला आणि नाभीभोवती गोल फिरवला. आजीने पुरचुंडी पुन्हा गरम केली. हळूहळू स्वानंद शांत झाला.

"बघा!" दोघी एकदमच म्हणाल्या.

मग त्याला भूक लागली. भावनाने पाजलं. तो पोटभर प्यायला, हसला आणि किंचाळून रडू लागला.

आता मात्र आजीचा धीर सुटला. "भावना, तुझं दूध बंद. डब्याचं देऊ. विक्रमला सांग, येताना घेऊन ये."

"आई, ऋता माझ्याच दुधावर वाढली ना?"

"ती वेगळी, हा वेगळा."

भावनाने स्वानंदला नुसतं जवळ धरलं. ऋताने आईकडे पाहिलं, मग भावाकडे.

"आजी, त्याचा पण हूक काढ ना."

काकू हसल्या. "अगं बिटिया, लल्लाला कुठला हूक?"

भावना हसली नाही. तिने बाळाचं दुपटं सोडलं, लंगोट सोडला. थंडीमुळे सध्या त्याला अर्धं झाकूनच पुसत, अर्धं झाकूनच तेल लावत. पोटाखाली एक गुबगुबीत वळी पडली होती. भावनाने ती बोटाने उघडली. आत करगोटा होता. बारशाला आजीने त्याच्या कमरेला बांधलेला काळा दोरा. वर्षाचा होईपर्यंत सुटू नये अशी त्याची गाठ होती. स्वानंद वाढला होता, दोरा तेवढाच होता. त्याच्याखाली लाल रेघ उमटली होती.

"दृष्ट लागू नये म्हणून मी..." आजी बोलता बोलता थांबली.

काकूंना आता खूप काही बोलता आलं असतं. त्या हिंगाच्या डबीचं झाकण लावत राहिल्या.

भावनाने कात्री आणली, पण तिचा हात पुढे होईना. सासूने बांधलेला दोरा होता तो. आजीने कात्री तिच्या हातातून घेतली. पाठीकडे, गाठीपाशी थोडी जागा होती. तिथे तिने जपून दोरा कापला.

स्वानंदने एक हुंदका दिला. मग ढेकर दिला. मग तो छताकडे बघू लागला.

"उद्या ती रेघ डॉक्टरांना दाखवून येऊ," आजी म्हणाली. आणि भावनाकडे न बघताच पुढे म्हणाली, "आज तुरीचं वरण लाव. तुलाही वाढून घे."

पुढे रेघ पूर्ण गेली. आजीने ट्रंकेतून नवा काळा दोरा काढला आणि स्वानंदच्या कमरेभोवती धरला.

"थांब, आजी," ऋता म्हणाली. "आधी त्याला पोटभर पिऊ दे."

आजी दोरा हातात धरून बसून राहिली. स्वानंदचं पिऊन झालं. आजी गाठ मारू लागली, तशी ऋताने आपली दोन बोटं दोऱ्याखाली सरकवली आणि गाठ पक्की बसेपर्यंत बाहेर काढली नाहीत.