बंदीची वांगी

गव्हाणच्या शांतीने दुकानदाराच्या शब्दावर अळी न लागणारं वांग्याचं बियाणं लावलं. ते जनुक बदललेलं, बंदी असलेलं निघालं, तशी पनवेलहून सरकारी साहेबांची गाडी आली आणि मागोमाग असल्या बियाण्याविरुद्ध आंदोलन करणारे कार्यकर्तेही आले.

"हे विष आहे," त्यांचा पुढारी कल्पेश मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता. "यातलं एकही वांगं कुणाच्या ताटात जाऊ देणार नाही."

साहेबांनी लगडलेलं सगळं पीक उपटून खड्ड्यात पुरायला सांगितलं. शांतीला मात्र पिकापेक्षा वेगळीच धास्ती लागली होती.

"साहेब, माझी पोर पोटुशी हाय. म्हयनाभर आमी हीच वांगी खाल्ली. तिला काय व्हनार नाय ना?"

"ते आम्ही कसं सांगणार?" साहेब म्हणाले. "लावायच्या आधी चौकशी करायची होती."

शांती धावतच घरी गेली. मुलीला रिक्षात घालून डॉक्टरकडे निघाली, तर शेताजवळ साहेबांची गाडी रस्ता अडवून उभी. पलीकडे खड्ड्यात उपटलेली झाडं पडली होती. एकाही झाडाला वांगं नव्हतं. शांतीने हॉर्न वाजवायला लावला, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

गाडीच्या उघड्या डिकीपाशी कल्पेश साहेबांना म्हणत होता, "मोठी तुम्ही घ्या साहेब. कोवळी मला द्या, घरी भरली वांगी करायचीत."