वजाबाकी

कुंडलला तंबूत सिनेमा लागला की विजयमालाबाई त्यातल्या नायक-नायिकेची वयं फळ्यावर मांडून पाचवीच्या पोरींना वजाबाकी शिकवत. पोरी खिदळत गणित सोडवायच्या. एका सकाळी केरबा आपल्या लेकीला, शालनला, दंडाला धरून ओढत वर्गात शिरला.

"बाई, सिनेमाचं खूळ शिकवताय व्हय पोरीस्नी? काल हिला बघाय आलेल्या नवरदेवाला हिनं चारचौघांत वय इचारलं! अन् तिथंच बोटांवर मोजत बसली. पाव्हणं उठून गेलं!"

"मी वजाबाकी शिकवते," बाई कडाडल्या. "शालन, उत्तर काय आलं?"

रडून सुजलेले डोळे शालननं बापावर रोखले.

"बाई, बाकी माझ्या वयापरास जास्त उरली."