ओक्तावचे बूट

"कुणाच्याच पायात जात नाहीत म्हणजे काय? अरे, पाय आहेत का होड्या?"

सावेता मावशी कमरेवर हात ठेवून अंगणात उभी होती. बाकावर बसलेला गोलकीपर निकोरा तिच्या मुलाचा बूट चढवता चढवता लालबुंद झाला होता. टाच काही केल्या आत शिरेना. त्याच्यामागे आमच्या वाल्या सेका गावाचा अख्खा फुटबॉल संघ नुसते मोजे घालून रांगेत उभा. कुणाला हसू येत होतं, कुणाला रडू.

मावशीच्या ओक्तावचा चाळिसावा दिवस होता. तेविसाव्या वर्षी पावसात गाडी घसरली आणि आमच्या गावाचा सगळ्यात लाडका पोरगा गेला. राष्ट्रीय संघाचं बोलावणं नुकतंच आलं होतं हो! चाळिसाव्याला आमच्याकडे गेलेल्याच्या वस्तू दान देतात. कपडे, ताट, चमचा, सगळं. घेणाऱ्यानं "देव त्याला पावो" म्हणायचं आणि ती वस्तू वापरायची. घेणाऱ्यानं इथे वापरली, तरच ती तिथे गेलेल्याला मिळते. नुसती जपून ठेवली तर नाही.

कोट गेला, शर्ट गेले, उशीसुद्धा गेली. उरले ते खेळायचे बूट. कारण ओक्ताव एवढा ताडमाड, पण पाय मात्र इवलेसे. "तुझे बूट तुझ्या आईनं लोकरीचे विणलेत का रे?" म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तोही हसायचा आणि पुढच्याच सामन्यात त्याच पायांनी गोल मारायचा.

क्लबचे अध्यक्ष बंचिला साहेब संधी साधून पुढे आले. "मावशी, मी काचेचं कपाट करून घेतलंय. आत दिवा लावू. शंभर वर्षं बूट जसेच्या तसे राहतील."

"आणि शंभर वर्षं माझं पोर तिथे अनवाणी फिरेल. होय ना?"

बंचिला साहेब मागे सरकले. पाद्रीबाबांनी प्रसादाच्या गोड गव्हाचा आणखी एक चमचा तोंडात टाकला. म्हणजे त्यांना या भानगडीत पडायचं नव्हतं.

तेवढ्यात मावशीची नजर फाटकाकडे गेली. बाहेर गाव्रिल उभा होता. शेजारच्या रुंकू गावाचा बचावपटू. बुटका, आडवा, जणू मान द्यायला देव विसरलाच. वर्षानुवर्षं हा माणूस ओक्तावला चिकटून खेळला. ओक्ताव घरी येऊन नडगीवरचे काळेनिळे डाग दाखवायचा, "बघ आई, गाव्रिलनं सही केलीय." आणि वर म्हणायचा, तो नसला की खेळायला मजाच येत नाही.

"ए गाव्रिल, बाहेर काय उभा राहिलास? आत ये. पायातलं काढ."

अंगणात कुजबुज सुरू झाली. येत्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता, तो रुंकूशीच. हरलो तर आम्ही खालच्या गटात जाणार होतो. बरोबरी तरी हवीच होती.

गाव्रिल खाली मान घालून आला. बाकावर बसला. पाय बुटात अलगद गेला.

"मावशी, नको," तो म्हणाला. "रविवारी मी तुमच्याच पोरांविरुद्ध खेळणार. ह्या बुटांनी?"

"मग काय चुलीवर मांडून ठेवणार आहेस? घालून खेळ. अंग चोरू नकोस. तू धावशील तेवढाच तो धावेल तिकडे."

गाव्रिलनं कसंबसं "देव त्याला पावो" म्हटलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

"रडतोस काय मेल्या, बूट तर तूच पळवलेस!" निकोरा ओरडला. पण त्याचा आवाजही फाटला होता.

रविवारी सावेता मावशी मैदानावर आली. ओक्ताव होता तोवर ती कधी फिरकली नव्हती. पोराला लाथा बसताना तिला बघवत नसे. काळा रुमाल डोक्याला बांधून ती बंचिला साहेबांच्या शेजारी बसली आणि सगळा वेळ गाव्रिलच्या पायांकडे बघत राहिली.

सामना संपत आला तरी एकही गोल नव्हता. एवढी बरोबरी आम्हाला पुरे होती. बायका देवाची नावं घेत होत्या, पुरुष पंचांना शिव्या घालत होते. तेवढ्यात आमचा एक जण घसरला. चेंडू गाव्रिलकडे गेला. उभ्या जन्मात एक गोल न मारलेला तो माणूस चेंडू घेऊन धावला, धावला, आणि त्याच्यासमोर एकटा निकोरा उरला. निकोरानं झेप घेतली. गाव्रिलनं चेंडू बाजूला काढला. निकोरा चिखलात आडवा, गोल सताड उघडा.

आणि गाव्रिल थांबला.

चेंडूवर पाय ठेवून तो खाली बुटांकडे बघत राहिला. मग आमच्या लोकांकडे. मारणार नव्हता तो. सगळ्यांना कळलं. आमच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली. बंचिला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाबास," ते पुटपुटले, "जाण आहे पोराला."

सावेता मावशी बाकावर चढली. डोक्यावरचा रुमाल घसरला, त्याचंही तिला भान नव्हतं.

"मार रे मेल्या!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "थांबलास काय? तिकडे माझा ओक्ताव पाय उचलून उभाय!"

गाव्रिलनं मारला. चेंडू जाळ्यात गेला. आम्ही खालच्या गटात गेलो.

आणि आमचं अख्खं मैदान उठून नाचायला लागलं, "ओक्ताव! ओक्ताव!"