गवताचं वाण

“रविवारी माळी येऊन हे सगळं उपटणार, शांताकाकू. पण मी एक मार्ग काढलाय.” महिला मंडळाची आकांक्षा स्वतःवर बेहद्द खूश होती.

शांताबाई वाळकी पाती खुडत राहिल्या. परळची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा त्यांनी भिंतीकडेला अर्धे कापलेले ड्रम मांडून हे गवत लावलं. दर वर्षी पावसाच्या तोंडावर त्या ते वीतभर ठेवून छाटायच्या. बुंधा दाटला की फोडून दुसऱ्या ड्रममध्ये लावायच्या. हातांना पाती कापायची, ते वेगळंच. आता जानेवारीत गवत डोक्यावर गेलं होतं आणि त्याला रेशमी तुरे आले होते. कमिटीला मात्र त्यात जंगल दिसलं. फुलं नाहीत, फळं नाहीत, मग उपयोग काय? सोसायटीत शोभेलाही उपयोग लागतो!

“हे झाडूचंच गवत ना?” आकांक्षा म्हणाली. “हळदीकुंकवाच्या वाणाला तुम्ही झाडू बांधून द्या. घरोघरी लक्ष्मी जाईल. सेक्रेटरींशी बोललेय मी. दर वर्षी झाडू मिळणार असतील तर राहू दे गवत, म्हणाले.”

शांताबाईंचा या गवतावर फार जीव होता. संध्याकाळी वारा सुटला की त्या खुर्ची टाकून समोर बसायच्या. ते वाचवायला एक ‘हो’ पुरेसं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“अहो, मानाचं वाण आहे!” आकांक्षाचा चेहरा पडला. बाई विक्षिप्तच, तिला वाटलं. घरात साधा झाडू ठेवत नाही. पेन्शन सुरू झाली तशी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आली, तेही एवढ्याशा घराला! “मग रविवारी जाईल हं सगळं.”

शांताबाईंनी कात्री उचलली. सगळ्यात उंच तुरा कापून आकांक्षाच्या हातात दिला.

“हे घे माझं वाण.”

“याचं काय करू?”

“काय नाय करायचं. फ्लॉवरपॉटमध्ये ठेव नि बघत बस.” शांताबाई ताठ उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला. “हॉस्पिटलचे व्हरांडे झाडत माझी सासू गेली. तिच्या जागी मी लागले, नि रिटायर होईपर्यंत झाडतच राहिले. झाडू हाच होता, याच गवताचा. उपटायचं तर खुशाल उपटा. पण माझ्या हातचं गवत आता कोणाची जमीन झाडणार नाय.”