पिसांचा मुकुट

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा डिलीट केलं.

तर. अमेरिकेतलं ट्रॉय, तिथल्या एका शाळेचा हॉल. शनिवार, पावणेबारा. आमच्या मंडळाचा गणपती. यंदाची थीम, 'या मातीची पहिली माणसं'. थर्माकोलचा तंबू, प्लास्टिकचा रानगवा, आणि बाप्पाच्या डोक्यावर पिसांचा मुकुट. लाल-पांढरी पिसं, पार कमरेपर्यंत.

प्रमुख पाहुणे दहा मिनिटांवर. माझा ऑफिसमधला दोस्त डॅरेल आणि त्याची आजी. ते ओजिब्वे, म्हणजे इथले, मिशिगनचे मूळचे. त्यांना बोलावलं मीच. सकाळी डॅरेलला मूर्तीचा फोटो पाठवला, कौतुकाने. आत्ता उत्तर आलं, 'असा मुकुट आमचा नाहीच. ज्यांचा आहे त्यांनाही एकेक पीस कर्तृत्वाने कमवावं लागतं. आजी बघायच्या आत काढ. प्लीज.'

मी बाळकाकांकडे धावलो. रिटायर्ड डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष. तीन वीकेंड घालवलेत त्यांनी या डेकोरेशनवर.

"काका, मुकुट काढायला हवा."

"प्राणप्रतिष्ठा झालीय, अनय. उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही."

"मूर्तीला नाही, फक्त मुकुट..."

"अरे, सन्मान करतोय आपण त्यांचा! शाल आहे, श्रीफळ आहे. आयत्या वेळी काय हे?"

सुचित्राकाकू शेजारी दूर्वा निवडत होत्या. मान वर न करता नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हार रोज बदलता ना? तो काय लांबून फेकता?"

"तू मध्ये बोलू नकोस." काका लाल झाले.

स्टूल तिथेच होतं. मी चढायला हवं होतं. चढलो नाही. कारण सांगतो. तो मुकुट मीच मागवला होता. ऑनलाइन, जुलैमध्ये. मला वाटलं, मस्त दिसेल. कमिटीला फोटो दाखवला, सगळे 'वा वा' म्हणाले. डॅरेलला हे माहीत नव्हतं. आता काढायला गेलो असतो तर आणला कोणी, हे निघालंच असतं.

दार उघडलं. डॅरेल, आणि वॉकर घेतलेली आजी. ती सरळ बाप्पासमोर येऊन थांबली. ऐंशी माणसं बघत होती. डॅरेलने माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमध्ये बघितलं.

"याची गोष्ट काय?" आजीने विचारलं.

बाळकाकांनी इंग्लिशमध्ये सांगितली, जरा अडखळत. वडिलांनी मुलाचं डोकं उडवलं. मग हत्तीचं लावलं.

आजी मुकुटाकडे बघत राहिली. "म्हणजे बिचाऱ्याला न विचारता एकदा दुसऱ्याचं डोकं लावून झालंय," ती म्हणाली. "आणि त्यावर आता हे?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग काकांनीच स्टूल ओढलं, हात जोडले, "क्षमा असावी" म्हणाले आणि दोन्ही हातांनी मुकुट अलगद उचलला. मूर्ती जराही हलली नाही.

"आणला कोणी हा?" डॅरेलने विचारलं. आवाज साधाच होता. म्हणून जास्त भीती वाटली.

"कमिटीने," काका म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काकूंनी आजीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी डॅरेलला पार्किंगमध्ये घेऊन गेलो.

"मी आणला, यार. मीच ऑर्डर केला."

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "आत ऐंशी लोकांसमोर माझ्या आजीने एकटीने बोलायचं. आणि तू मला हे इथे सांगतोस? गाड्यांच्या मध्ये?"

हॉलमध्ये टाळ वाजायला लागले. तो किल्ली हातात घेऊन उभा होता.

"जाऊ नका," मी म्हणालो. "आरती संपली की माइक घेतो. तुझ्या आजीसमोर सांगतो, कमिटीने नाही, मी आणला. आधी इंग्लिशमध्ये सांगतो. मग मराठीत."