बुटात न मावणारी जोडवी

या बायांनो, जवळ सरकून बसा. एका बुटाची गोष्ट सांगते.

विशाखाला डोंगरातल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. नुकतीच शिकलेली मोटरसायकल घेऊन उद्याच निघायचं होतं. दुकानात हेल्मेट झकास बसलं. पण बूट चढवला आणि जोडवी बोटांत रुतली.

“एक नंबर मोठा द्या.”

“सैल बूट गिअर टाकताना अडकेल, ताई. जोडवीच काढा ना!” दुकानदार म्हणाला.

हेल्मेटच्या आत तिला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, एकही कीर्तन न चुकवणाऱ्या. लग्नानंतर त्यांनीच बजावलं होतं, “माझ्या लेकाचं आयुष्य आहे त्यात. काढायची नाहीत.” नोकरी सोडवत नव्हती, शब्द मोडवत नव्हता.

सासूबाईंनी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला.

“अहो आई, पाय काय धरताय!”

“गप गं. तू दिवसभर कळवळलीस, तर पांडुरंग मला शाबासकी देणार आहे?” जोडवी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. “परत आलीस की घाल. तोवर त्याचं आयुष्य मी सांभाळते.”

विशाखाने हेल्मेटची काच खाली ओढली.

गाडीला किक मारताना त्या माउलीला आठवा हं.