कपाळावरची गाठ

हौसाबाईच्या कपाळावर सुपारीएवढी टणक गाठ आली आणि गावानं तिला देवी ठरवलं. बायका पाया पडू लागल्या. नवराही हात जोडून लांब उभा राहू लागला.

शेवटी ती एकटीच जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाचीच साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. ठेवली तरी चालेल."

"काढा," हौसाबाई म्हणाली.

टाके घेऊन ती परतली, तेव्हा वेशीवर सारं गाव उभं होतं. सासरे गरजले, "देवी कोपेल! गावाची माफी माग."

"कोपली तर माझ्यावर कोपू दे, मामंजी. काढलेली गाठ मी डोळ्यांनी पाहिली. नुसतं हाड होतं."

कपाळावर पदर न ओढता ती थेट गर्दीत शिरली.

"सरा बाजूला. मला भूक लागलीय."